कव्वालीची रात्र आणि एक मराठी कागद

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. मागच्या हिवाळ्यात तो एका रॉक बँडच्या कार्यक्रमाला गेला आणि कार्यक्रम संपल्यावर कुणाच्या तरी ओळखीनं त्याला स्टेजच्या मागं सोडलं. चार मिनिटं भेट झाली म्हणे. गिटारवाल्याच्या खांद्यावर हात टाकलेला फोटो त्यानं सगळ्या खानदानाला पाठवला. ईदला घरी आला तरी तेच चालू होतं. शेवटी मला म्हणाला, “मामू, तुम्हाला नाही कळणार. ज्याला तुम्ही वर्षानुवर्षं ऐकलंय, तो समोर बसून पाणी पीत असतो, हे काय असतं ते!”

मी काही बोललो नाही. त्याच्या अम्मीनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, माझ्याकडं बघितलं आणि हसली. तिला माहीत होतं. घरात त्या रात्रीचा विषय कुणी काढत नसे, इतकंच.

ती रात्र १९८६च्या डिसेंबरातली. त्याच वर्षी मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ नावाचा महोत्सव सुरू झाला, हे मला फार नंतर कळलं. रॉक नावाचा काही प्रकार जगात आहे याचा आम्हाला मूर्तिजापुरात पत्ता नव्हता. आमच्याकडं उरूस होता आणि उरुसात कव्वालीचा मुकाबला होता. रात्री दहाला सुरू होणार, फजरच्या अजानपर्यंत चालणार. दोन पार्ट्या, एकीकडं पुरुष कव्वाल, दुसरीकडं बाई. तो सवाल करणार, ती जवाब देणार.

थोडं घराबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

अब्बा शकुंतलेवर फायरमन होते. शकुंतला म्हणजे आमची छोटी लाइन. मूर्तिजापुराहून एक फाटा वर अचलपूरला जायचा, दुसरा खाली कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला. रूळ अडीच फुटांचे, मालकी विलायतेतल्या कंपनीची, चालवायची मध्य रेल्वे. इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. ते १९९४पर्यंत वाफेवर धावलं, आणि धावलं म्हणणं हाही त्याचा मान ठेवणंच झालं. अचलपूरच्या ७६ किलोमीटरला चार तास लागायचे. अब्बांच्या हातांच्या रेषांमध्ये कोळसा कायमचा बसलेला होता. वजू करताना ते हात खूप वेळ चोळायचे.

आमच्या मोहल्ल्यातली बहुतेक पोरं उर्दू शाळेत जायची. अब्बांनी मला मराठी शाळेत घातलं. यावर नातेवाइकांत बरीच चर्चा झाली होती. “मराठी पढ़ के क्या पंडित बनाएगा?” असं मला ऐकवलं जायचं आणि शाळेत पोट्टे मला “मियाँभाई, तुले कविता पाठ होते का बे?” म्हणून चिडवायचे. अब्बांचं कारण साधं होतं. माझ्या दादांची चार एकर काळी जमीन एका मराठी कागदावर अंगठा लावून गेली होती. दादांना वाटलं गहाण आहे, कागदात खरेदी होती. “तहसील का कागद मराठी में आता, तलाठी का मराठी में, कोर्ट का मराठी में. घर में एक तो पढ़नेवाला होना,” एवढंच ते म्हणायचे.

त्याची किंमतही होती. मला उर्दू येत नव्हती. कुराण शरीफ अरबीत वाचायचो, अक्षरं ओळखीची होती, पण हातानं लिहिलेली उर्दू समोर आली की सगळं वेलीसारखं दिसायचं. कुठला नुक्ता कुणाचा ते कळायचं नाही.

आमच्या खालूंनी सौदीहून एक टू-इन-वन आणला होता. घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच. त्यावर मी कव्वाली ऐकायला शिकलो. तेव्हा कॅसेट स्वस्त झाल्या होत्या आणि स्टेशन रोडवरच्या दुकानात कोरी कॅसेट दिली की हवं ते भरून मिळायचं. अजीज नाजाँ, युसूफ आझाद, रशीदा खातून, शकीला बानो भोपाली. इस्माईल आझादांची ‘अल हिलाल’ या १९५८च्या सिनेमातली कव्वाली तर आमच्याकडं लग्नात वाजायचीच. कव्वाली म्हटलं की आज लोकांना नुसरत फतेह अली खाँ आठवतात. १९८५ साली इंग्लंडमधल्या ‘वोमॅड’ महोत्सवात ते गायले आणि रॉकवाले गोरे त्यांचे मुरीद झाले, हे खरंच आहे. पण आमच्या कानावर वाढलेली कव्वाली ती नव्हे. आमची मुंबईची. तिच्यात बेंजो होता, तोच टाइपरायटरसारखी बटणं असलेला. ढोलक होती, आणि आवाज घुमवणारं एको मशीन होतं. चिडवाचिडवी, इश्क आणि नसीहत, सगळं एकाच रात्रीत. शुद्धतेचे भोक्ते तिला नाकं मुरडतात, मुरडोत बापडे.

त्यातल्या एका बाईंच्या दोन कॅसेट माझ्याकडं होत्या. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. त्या रात्री त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी जे बोललं ते छापण्यासाठी नव्हतं, आणि त्यांच्या घरचे आता या धंद्यात नाहीत असं ऐकतो. सगळे त्यांना बाजी म्हणायचे, मीही बाजीच म्हणतो. त्या कॅसेटी मी इतक्या ऐकल्या होत्या, की कुठं टाळी चुकते, कुठं मागचा हमनवा खोकतो, तेही पाठ होतं.

मग अब्बा चिल्ला लावून आले. चाळीस दिवस जमातीत राहून परतल्यावर दाढी लांब झाली होती आणि आवाज हळू. एका संध्याकाळी त्यांनी टू-इन-वन कापडात गुंडाळला आणि मामूंच्या घरी नेऊन ठेवला. रागावले नाहीत, काही फोडलं नाही. “घर में गाना-बजाना नहीं होना,” एवढंच. अम्मी स्वयंपाकघरातून बघत होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं मला काहीबाही निमित्तानं मामूंकडं पाठवायला सुरुवात केली. कधी लोणचं नेऊन दे, कधी सुईदोरा आण. जाणं-येणं पाच मिनिटांचं, पण तासाभरानं परतलो तरी ती विचारायची नाही.

मामूंचं टायरचं दुकान होतं. दिलदार माणूस. मी गेलो की स्वतः कॅसेट लावायचे, चहा मागवायचे आणि म्हणायचे, “तेरा बाप अल्लाहवाला आदमी है, उसकू मत बताना.” ते उरूस कमिटीत होते. त्या वर्षी बाजींना बोलवायचं हे त्यांनीच कमिटीच्या गळी उतरवलं होतं, आणि माझी खात्री आहे की त्यात माझा थोडा वाटा होता.

सोपं नव्हतं ते. वर्ष शाहबानोचं होतं. मे महिन्यात नवा कायदा झाला होता, वर्तमानपत्रं आणि चौकातल्या बैठका त्यानंच भरलेल्या होत्या. मुसलमान बाईनं काय करावं यावर त्या वर्षी प्रत्येकाकडं मत होतं. बाईनं मंचावर बसून रात्रभर गावं का, ते दर्ग्याच्या आवारात चालतं का, यावर जुम्म्याच्या नमाजनंतर दोन-तीनदा बाचाबाची झाली. शेवटी मंच दर्ग्याच्या आवारात न घालता बाहेरच्या मोकळ्या मैदानात घालायचा, असा तोडगा निघाला. बाजूलाच जिल्हा परिषदेची शाळा होती. तिच्या दोन खोल्या पार्ट्यांच्या उतरण्यासाठी घेतल्या.

आठ दिवस रिक्षावर भोंगा बांधून गावभर पुकारा झाला. गुलाबी कागदावरची हँडबिलं वाटली. अब्बांची त्या दिवशी यवतमाळची ड्युटी होती, रात्री मुक्काम तिकडंच. मी हे वेळापत्रक महिनाभर आधी पाहून ठेवलं होतं. मामूंनी माझ्या शर्टाला हिरवी फीत लावली आणि मी स्वयंसेवक झालो. काम : मेहमानांना चहापाणी.

कपाशीचा हंगाम होता. कापूस एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर बंड्या रांगेत उभ्या असायच्या, एकेक शेतकरी दोन-दोन दिवस मुक्कामी. ते सगळे घोंगड्या घेऊन कव्वालीला आले. पुढं सतरंज्यांवर गावची बडी मंडळी. जिनिंगवाले शेठ होते, वकील होते, फौजदार साहेब खुर्चीवर. एका बाजूला कनात लावून बायकांची जागा केली होती, आणि त्या कनातीला सगळीकडून भोकं पडलेली. मागं शेकोट्या. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण निम्म्याहून जास्त लोक हिंदू होते. उर्दू किती कळत होती ते त्यांनाच ठाऊक, पण जवाब बसला की पहिली आरोळी शेकोटीकडूनच यायची.

सुरुवात हम्दनं झाली, मग नात, मग बाबांच्या शानमध्ये मनकबत. हा क्रम कुणी मोडत नाही. तोवर डोक्यावर रुमाल, पदर, सगळं अदबीत. साडेअकराच्या सुमाराला उस्तादांनी, म्हणजे समोरच्या पार्टीच्या कव्वालांनी, घसा खाकरला आणि बाजींकडं वळून पहिला सवाल टाकला. बायकांच्या बेवफाईवर होता, असतोच. लोक सावरून बसले.

बाजी लगेच बोलल्या नाहीत. पानाचा डबा उघडला, बंद केला. हार्मोनियमवर दोन सूर धरून ठेवले. ढोलकवाला त्यांच्या बोटांकडं बघत थांबला होता. मग त्यांनी जो आवाज लावला तो माझ्या कॅसेटमधला नव्हता. कॅसेटमध्ये तो आवाज पातळ होता, हे मला त्या क्षणी कळलं. इथं तो खालून, जमिनीतून आल्यासारखा आला, थोडा फाटलेला, आणि मंचाजवळ पाण्याचा जग घेऊन उभ्या असलेल्या माझ्या बरगड्यांत वाजला. मी पाठ असलेल्या ओळी पुटपुटत होतो, पण त्या पुढच्या ओळीला वळण घेऊन भलतीकडंच निघून जायच्या. मला राग आला, मग हसू आलं, मग मी पुटपुटणं बंद केलं.

नजराणा सुरू झाला. नोट घेऊन लोक मंचापर्यंत यायचे, दोन्ही हातांनी हार्मोनियमवर ठेवायचे. कमिटीचा माणूस माईकवर नाव पुकारायचा. अकरा रुपये, एकवीस रुपये, जिनिंगवाल्या शेठकडून एकशेएक. एक म्हातारा शेतकरी घोंगडीसकट आला आणि दोन रुपये ठेवून म्हणाला, “माह्यं नाव नोका घेऊ, पण बाईले म्हना लय झ्याक!” नोटा एका पत्र्याच्या डब्यात जमा होत होत्या. डबा कमिटीकडं.

एकच्या सुमाराला अर्ध्या तासाची विश्रांती झाली. मी किटली आणि कपबशा घेऊन शाळेच्या खोलीत गेलो. भाच्याच्या भाषेत सांगायचं तर बॅकस्टेज.

माझी अशी समजूत होती, की दोन्ही पार्ट्या दोन वेगळ्या खोल्यांत एकमेकांवर दात खात बसल्या असतील. आत गेलो तर बाजी आणि उस्ताद एकाच बाकावर बसलेले. एकाच ताटातून भाकरी आणि वांग्याची भाजी खात होते. बाजी त्यांना ब्लड प्रेशरच्या गोळीवरून रागावत होत्या. ज्या माणसाला त्यांनी दहा मिनिटांपूर्वी चार हजार लोकांसमोर मातीत मिळवलं होतं, तो मान खाली घालून “हाँ बाजी, ले लूँगा” म्हणत होता. दोन्ही पार्ट्या मुंबईहून एकाच डब्यातून आल्या होत्या, एकाच गाडीनं जाणार होत्या. फळ्यावर कुणीतरी लिहिलेले सतराचे पाढे तसेच होते. बेंजोवाला बाकावर आडवा होऊन बोटांना व्हॅसलीन चोळत होता. टाळ्या वाजवणाऱ्या पोराच्या तळहाताला भेगा पडल्या होत्या, तो माझ्याच वयाचा असावा. त्यानं माझ्या हातून कप घेतला तेव्हा दोन्ही पंजांत धरला, शेकायला.

खोटं कशाला बोलू, मला फसवल्यासारखं झालं. मी त्या भांडणात बाजींच्या बाजूनं महिनेन् महिने लढलो होतो.

बाजी चष्मा लावलेल्या होत्या. जवळून पाहिलं तर पन्नाशीच्या, हिना लावलेले केस, पायात जाड मोजे. मी म्हणालो, “बाजी, मेरे पास आपकी दो कॅसेट है.” त्या म्हणाल्या, “अच्छा? हमको तो एक का भी पैसा नहीं मिला, बेटा.” सगळे हसले. मग माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, कुठं शिकतोस, कितवीत. दहावीत, मराठी शाळेत, असं मी सांगितलं. नेहमीसारखं ओशाळून.

“मराठी पढ़ते हो?”

त्यांनी पानाच्या डब्याखालून घडी केलेला कागद काढला. कमिटीच्या लेटरहेडवर टाइप केलेला करार, खाली त्यांची उर्दूत सही. “संध्याकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या सही करून घेतली,” असं उस्ताद म्हणाले, त्यांच्या भाषेत. “सब वही है जो जुबानी तय हुआ, बोले. जरा पढ़ तो.”

मी वाचलं. आधी मनात, मग मोठ्यानं, मग हिंदीत उलगडून. दोन्ही पार्ट्यांची मिळून बिदागी सात हजार, पैकी दोन हजार आगाऊ पोचले. हे बरोबर होतं. पुढं होतं की नजराण्याची निम्मी रक्कम कमिटीच्या फंडात जमा होईल. त्याच्याखाली होतं की कार्यक्रम पहाटे पाचपूर्वी बंद झाल्यास उर्वरित बिदागी देण्यास कमिटी बांधील राहणार नाही.

खोलीत शांतता झाली. नजराणा पूर्ण आमचा, असं ठरलं होतं, ढोलकवाला म्हणाला. पण मी दुसऱ्याच गोष्टीवर अडकलो होतो. लाऊडस्पीकरचा पोलीस परवाना मीच त्या दुपारी मांडवाच्या खांबाला चिकटवला होता. तो तीन वाजेपर्यंतचा होता.

हे सांगावं की नाही? मामू बाहेर उभे होते, त्यांचा आवाज येत होता. त्यांनीच फीत लावली होती, त्यांच्याच घरी मी या बाईंना ऐकत होतो. कुणी मला परवान्याबद्दल विचारलंही नव्हतं. माझं काम चहाचं. पण दादांची चार एकर जमीन मला लहानपणापासून इतक्यांदा ऐकवली गेली होती, की तोंड आपोआप उघडलं. “परवाना तीन बजे तक का है,” मी म्हणालो.

बाजींनी कागद परत घेतला, घडी केली. तेवढ्यात मामू दारात आले. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं. काही बोलले नाहीत. मी किटली उचलून त्यांच्या बाजूनं बाहेर निघालो तेव्हा ते बाजूला सरकलेसुद्धा नाहीत, मलाच तिरकं व्हावं लागलं.

ते जाणूनबुजून केलं होतं का? मला आजही सांगता येत नाही. मामू शेवटपर्यंत म्हणत राहिले की चिटणिसानं दुसऱ्याच वर्षीचा जुना मसुदा उतरवला. असेलही. नजराण्याचा निम्मा हिस्सा कुणी खिशात घालणार नव्हतं, हेही तितकंच खरं. लंगर त्यातून चालायचा, दर्ग्याचे पत्रे त्या वर्षी बदलायचे होते. कमिटीतले लोक स्वतःच्या दुकानाचं नुकसान करून महिना-महिना राबायचे. चोर नव्हते ते. पण कव्वालाची मजुरी ही मजुरी असते, असं त्यांच्यापैकी कुणाला वाटत नव्हतं. बाबांच्या दरबारात गायला मिळतंय, आणखी काय हवं?

विश्रांतीनंतर उस्तादांनी सवाल टाकला. बाजींनी जवाबाला सुरुवात केली आणि दुसऱ्या-तिसऱ्या बंदात त्यात एक कागद आला. मेहबूबनं लिहून दिलेला कागद, ज्याची लिपी आशिकाला वाचता येत नाही. लोक वाहवा करत होते, त्यांना ती इश्काची गोष्ट वाटत होती. मग त्या कागदात निम्मा हिस्सा आला. मग तीनचं आणि पाचचं घड्याळ आलं. हमनव्यांनी ती ओळ उचलली आणि पुन्हा पुन्हा घोळवली. पुढच्या सतरंजीवरचे दोन-तीन चेहरे बदलले. उस्ताद जोडीदार म्हणून इतके मुरलेले, की त्यांनी पुढचा सवाल त्याच कागदावर केला. मी मंचाच्या कोपऱ्याशी उभा होतो, पाय कापत होते. थंडी होतीच.

मग बाजींनी हार्मोनियम थांबवलं आणि सरळ बोलल्या. मला मराठी येत नाही, हा माझा कसूर, इथं बसलेल्या सगळ्यांना येते. सदर साहेबांनी हा कागद माईकवर वाचून दाखवावा, म्हणजे जवाब पूर्ण होईल. कुणी वाचून सांगितला ते त्यांनी सांगितलं नाही.

दोन क्षण कुणी हललं नाही. मग शेकोटीकडून आवाज आला, “वाचा ना बाप्पा, काय लिवलं हाय त्याच्यात?” पाठोपाठ चारी बाजूंनी. कापूस विकायला आलेले लोक होते ते. कागदावर एक आणि काट्यावर दुसरं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

सदर साहेब उठले. कागद वाचला नाही. म्हणाले, टायपिंगची चूक झाली आहे, नजराणा पूर्ण पार्टीचा, बिदागी पूर्ण, कार्यक्रम परवान्याप्रमाणे तीनला संपेल. टाळ्यांचा कडकडाट झाला. जिनिंगवाल्या शेठनी आणखी एकशेएक पाठवले. त्यानंतरचे दोन तास बाजी ज्या गायल्या, ते मी कुणालाही सांगून समजावू शकत नाही आणि प्रयत्नही करत नाही. तीनला पाच मिनिटं कमी असताना फौजदार साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग घड्याळावर बाही ओढून घेतली. साडेतीनला संपलं.

पहाटेच्या गाडीसाठी ठेल्यावर पेट्या लादून मी त्यांच्यासोबत स्टेशनवर गेलो. प्लॅटफॉर्मवर उस्तादांनी सांगितलं की हिशेब झाला, पाचशे रुपये लाऊडस्पीकरचा खर्च म्हणून कापले. मी म्हणालो, “पण कागदात तसं नाहीये!” बाजी हसल्या. प्रत्येक गावात काही ना काही कापलं जातं, मूर्तिजापूर स्वस्तात सुटलं, अशा अर्थाचं काही म्हणाल्या. मी गुलाबी हँडबिल पुढं केलं. त्यांनी बेंजोवाल्याच्या पाठीवर ते ठेवून मागच्या कोऱ्या बाजूला दोन ओळी लिहिल्या, सही केली. मला वाचता आलं नाही, आणि विचारायची लाज वाटली. टाळ्यावाला पोरगा खिडकीतून हात हलवत राहिला, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

त्या पार्ट्या पुन्हा आमच्या गावी कधी आल्या नाहीत. बोलावलं गेलं नाही. पुढं रात्रभराची कव्वालीही संपत गेली. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर भोंगा बंद, वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सूट. नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही, माझ्या घरात आता आजारी माणूस आहे. पण मुंबईच्या रंगभवनातले रॉकवालेही आवाजाच्या याच कटकटीत बेघर झाले हे वाचलं, तेव्हा मला आमचं मैदान आठवलं. आमच्याकडं भोंग्यासोबत आणखी एक गोष्ट बदलली. उरुसाला जाणं बरं की वाईट, यावर घराघरांत दोन तट पडले. आता उरुसात पाळणे येतात, कव्वाली दहाच्या आत आटोपते आणि शेकोटीकडचे लोक फारसे येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अब्बा यवतमाळहून परतले. त्यांच्या आधी मामू येऊन खाटेवर बसले होते. अम्मीनं दिलेला चहा त्यांनी घेतला नव्हता. अब्बा दारात बूट काढत असतानाच मामूंनी सुरुवात केली. पोरगं कव्वालीला आलं होतं, मेहमानांच्या खोलीत घुसलं, कमिटीचा कागद वाचून दाखवला, सगळ्या गावात नाक कापलं. सगळं सांगितलं. कव्वालीला मीच फीत लावून नेलं, तेवढं सोडून.

अब्बांनी ऐकून घेतलं. हात काळेच होते अजून.

“मजदूरी पूरी दी उनकू?” त्यांनी विचारलं.

मामू थांबले. “पाँच सौ कटे. स्पीकर के.”

अब्बा न्हाणीत गेले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर येऊन त्यांनी हात पुसले आणि मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी देण्याबद्दलची हदीस मामूंना सांगितली, हळू आवाजात, जशी जमातीत सांगायचे तशीच. मामू उठून गेले. माझ्या दहावीच्या निकालापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. टू-इन-वन त्यांच्याकडंच राहिला, त्यामुळं माझी कव्वालीही.

मग अब्बा माझ्याकडं वळले. “गाना घर में नहीं आएगा,” ते म्हणाले. “वो बात अलग, ये बात अलग.”

मी हो म्हणालो. खिशातलं हँडबिल काढून त्यांच्यासमोर धरलं, कारण घरात उर्दू वाचणारे तेच होते. त्यांनी ते घेतलं. पुढच्या बाजूचा बाजींचा फोटो पाहिला, लगेच उलटवलं. कंदिलाजवळ नेलं, डोळे बारीक केले.

“मूर्तिजापूर के मुंशी साहब को, दुआओं के साथ,” त्यांनी वाचलं. खालचं नाव वाचलं नाही. कागद पुन्हा एकदा वरपासून पाहिला.

“मुंशी कौन?”

“मैं,” मी म्हणालो.